चेहऱ्यात करंट मारल्यासारखी कळ: ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया ओळखायचा कसा, उपचार घ्यायचे कसे

दाढ दुखते म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे जायचं, एक्स-रेत फारसं काही नसतानाही रूट कॅनाल करून घ्यायचं. कळ थांबत नाही म्हणून मग दाढच काढायची, आणि महिन्याभराने शेजारची. तिसऱ्या दाढेची वेळ येते तेव्हा कुणीतरी म्हणतं, 'हे दाताचं नाही, नसेचं आहे.' ट्रायजेमिनल न्यूरॅल्जियाच्या कितीतरी रुग्णांच्या फाइलमध्ये हाच क्रम सापडतो. तो पहिल्या दाढेआधीच तुटावा, आणि निदान झाल्यावर गोळ्या नीट घेतल्या जाव्यात, यासाठी ही माहिती.

नस कोणती आणि बिघडतं काय

चेहऱ्याची संवेदना मेंदूपर्यंत नेणारी नस म्हणजे ट्रायजेमिनल, मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी पाचवी. डावीकडे एक, उजवीकडे एक. प्रत्येकीला तीन फांद्या आहेत. पहिली कपाळ आणि डोळ्याकडे जाते. दुसरी गाल, नाकाची बाजू, वरचा ओठ आणि वरच्या दातांकडे, तर तिसरी खालचा जबडा, हनुवटी आणि खालच्या दातांकडे. दुखणं बहुतेक वेळा दुसऱ्या किंवा तिसऱ्या फांदीत असतं, कधी दोन्हींत. फक्त कपाळ-डोळ्यात असणारं क्वचितच. दातांची संवेदना याच फांद्यांतून जात असल्यामुळे बिघाड नसेच्या मुळाशी असला तरी कळ दाढेतून आल्यासारखी वाटते. रुग्ण बोट ठेवून अमुक दाढ दाखवतो तेव्हा तो खोटं सांगत नसतो.

बहुतेकांमध्ये मूळ कारण कवटीच्या आत, नस मेंदूच्या देठाला जिथे मिळते तिथे असतं. वय वाढतं तशा रक्तवाहिन्या लांबट आणि वळणदार होतात. त्यातलं एखादं वळण, बहुधा लहान मेंदूच्या वरच्या धमनीचं, नसेवर टेकतं. प्रत्येक ठोक्यागणिक घासून तिथलं मायेलिन, म्हणजे नसेवरचं आवरण, झिजतं. आवरण गेलं की स्पर्शाचे संदेश शेजारच्या वेदनेच्या तंतूंत उडी मारतात. म्हणूनच गालावर माशी बसली, पंख्याचा वारा लागला, तरी कळ सुटते; आणि तोच गाल तळव्याने घट्ट दाबून धरला तर पुष्कळदा काही होत नाही. काही रुग्णांत कारण वेगळं निघतं: त्या जागी गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूतलं मायेलिन खराब करते तो आजार. काहींत तपासणीत काहीच सापडत नाही.

आजार पन्नाशीनंतर जास्त दिसतो, स्त्रियांत पुरुषांपेक्षा जास्त, आणि उजव्या बाजूला डाव्यापेक्षा थोडा जास्त.

कळ कशी असते

निदान रुग्णाच्या तोंडून होतं, मशीनमधून नाही. त्यामुळे स्वतःच्या दुखण्याचं वर्णन नेमकं करता येणं हीच अर्धी तपासणी. ट्रायजेमिनल न्यूरॅल्जियाची कळ अशी असते:

- अचानक सुरू होते आणि अचानक संपते. अर्ध्या सेकंदापासून फार तर दोन मिनिटांपर्यंत.
- करंट बसल्यासारखी, सुरी खुपसल्यासारखी. जोर असा की बोलणारा माणूस शब्दाच्या मध्येच थिजतो.
- चेहऱ्याच्या एकाच बाजूला, वर सांगितलेल्या फांद्यांच्या हद्दीत. मानेत किंवा डोक्याच्या मागच्या भागात जात नाही.
- दात घासणं, तोंड धुणं, दाढी करणं, घास चावणं, बोलणं, लिपस्टिक लावणं, गार वारा अशा साध्या गोष्टींनी सुटते.
- एक कळ येऊन गेली की काही सेकंद ते मिनिटं त्याच जागी हात लावला तरी ती येत नाही. मग पुन्हा तयार.

कळांच्या मधल्या वेळात बहुतेकांना काहीच दुखत नाही. काहींना मात्र मागे मंद ठणका किंवा जळजळ राहते. तेवढ्यावरून निदान चुकलं असं समजू नका. झोपेत कळ सहसा उठवत नाही. आजार लाटांसारखा येतो: काही आठवडे किंवा महिने त्रास, मग महिनोन्‌महिने, कधी वर्षं, काहीच नाही. त्या शांत काळाचं श्रेय शेवटी घेतलेल्या काढ्याला, काढलेल्या दाढेला किंवा मंतरलेल्या धाग्याला जातं, आणि पुढची लाट आली की रुग्ण तिथेच परत जातो.

दाढ काढण्याआधी

दाताची कळ गरम-गार लागल्यावर येते आणि कारण दूर केल्यावरही मिनिटं-तास रेंगाळते. आडवं पडल्यावर वाढते, रात्री उठवते. त्या दाढेवर आरशाच्या दांडीने हलकेच ठोकलं तर तीच दाढ दुखते. आयबुप्रोफेनसारख्या गोळीने थोडं तरी बरं वाटतं. न्यूरॅल्जियात यातलं जवळजवळ काहीच नसतं. उलट ओठाचा कोपरा, नाकपुडीची कड, हिरडीचा ठरावीक ठिपका अशी एखादी जागा असते, जिला नुसता कापूस लावला तरी वीज चमकते. साधी वेदनाशामकं तर पाण्यात टाकल्यासारखीच.

फसवणारं एकच: तडा गेलेली दाढ. तीही चावताना तीक्ष्ण, क्षणिक कळ देते. पण ती दाबून चावल्यावर किंवा चावा सोडताना येते, बोलताना किंवा वाऱ्याने नाही. म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे जाऊच नका असं नाही, आधी तिथेच जा. मात्र एक्स-रेत आणि तपासणीत दुखणाऱ्या दाढेत ठोस बिघाड दिसत नसेल, तर 'काढून बघू' याला तयार होऊ नका. दात परत येत नाही.

बाकी साम्य असणारी दुखणी थोडक्यात. कानापुढच्या सांध्याचं दुखणं बोथट असतं, जबडा उघडताना कटकट आवाज येतो, सांधा दाबल्यावर दुखतो. सायनसचं दुखणं वाकल्यावर वाढतं आणि सोबत नाक चोंदतं. डोळ्याभोवती कळ आणि त्याच डोळ्यातून पाणी, लाली, तीच नाकपुडी वाहणं, हे दिसलं तर क्लस्टर किंवा त्या जातीच्या डोकेदुखीचा विचार होतो. तिची औषधं वेगळी. घशात, जिभेच्या मुळाशी आणि कानात गिळताना कळ येत असेल तर दोष शेजारच्या, नवव्या नसेचा असू शकतो. त्यात कधी नाडी मंदावून चक्कर येते, म्हणून तो प्रकार अंगावर काढू नये.

या खुणा असतील तर घाई करा

चेहऱ्याचा भाग बधिर होणं ही सर्वांत महत्त्वाची खूण. साध्या ट्रायजेमिनल न्यूरॅल्जियात तपासणीत बधिरता सहसा सापडत नाही. हनुवटी किंवा ओठ बधिर पडत असेल, आणि तंबाखू, गुटखा, मशेरीची सवय असेल, तोंडात न भरणारी जखम, पांढरा-लाल चट्टा किंवा तोंड कमी उघडणं असेल, तर आधी तोंडाची पूर्ण तपासणी आणि गरज पडल्यास बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून कर्करोग नाही ना ते पाहणं. मशेरी लावणाऱ्या अनेक बायका ती तंबाखूत धरत नाहीत, 'दात घासते' एवढंच सांगतात. डॉक्टरांना तिचं नाव घेऊन सांगा.

याखेरीज: वय चाळिशीच्या आत, दुखणं दोन्ही बाजूंना, त्याच कानाने कमी ऐकू येणं, तोल जाणं, एका डोळ्याची नजर अचानक मंदावल्याचा पूर्वेतिहास. यात गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस शोधावं लागतं.

आणि एक खरी आणीबाणी. वय पन्नासच्या पुढे, कानशीलाला हात लावला की दुखतं, चावता चावता जबडा थकून दुखतो, ताप, वजन घटणं, नजर अंधुक. ही कानशिलाच्या धमनीची सूज असू शकते, आणि उशीर झाला तर दृष्टी कायमची जाते. भारतात ती फार दिसत नाही, पण शंका आली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. ईएसआर आणि सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या करतात, आणि स्टेरॉइड बायोप्सीची वाट न पाहता सुरू करतात.

डॉक्टरांकडे जाताना

न्यूरॉलॉजिस्टकडे जा. तालुक्याला नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या मेडिकल कॉलेजात मेडिसिन विभागाच्या ओपीडीत सुरुवात होऊ शकते. जाण्याआधी आठवडाभर वहीत चार रकाने आखा: कळ किती वाजता, कुठे, किती सेकंद, कशामुळे. चेहऱ्याचं साधं चित्र काढून त्यावर कळेची वाट पेन्सिलने दाखवा. शक्य असेल तर घरच्यांनी एका झटक्याचा मोबाइलवर व्हिडिओ घ्यावा. कळ ओपीडीच्या रांगेत हमखास गायब असते. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. हे का, ते पुढे येईलच.

एमआरआय एकदा तरी व्हायला हवाच, पण तो कशासाठी हे समजून घ्या. गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस नाही ना हे पाहणं पहिलं काम. नसेवर रक्तवाहिनी टेकली आहे का हे पाहणं दुसरं. नेहमीच्या 'एमआरआय ब्रेन'मध्ये नस जाड कापांत निसटते आणि रिपोर्ट 'नॉर्मल' येतो. चिठ्ठीवर ट्रायजेमिनल नसेसाठी बारीक कापांचा थ्री-डी क्रम, म्हणजे सीआयएसएस किंवा फिएस्टा, लिहिलेला आहे ना ते बघा. नसेल तर सेंटरवर पैसे भरण्याआधी डॉक्टरांना फोन करा, नाहीतर तोच खर्च दुसऱ्यांदा होतो. उलटंही ध्यानात ठेवा: काहीही त्रास नसलेल्या कितीतरी लोकांच्या एमआरआयमध्येही रक्तवाहिनी नसेला लागून दिसते. नुसत्या फोटोवरून कुणाला न्यूरॅल्जिया ठरवता येत नाही.

कार्बामाझेपिन: गोळी कशी घ्यायची

पहिलं औषध आजही कार्बामाझेपिन. १९६२ साली स्वीडनच्या ब्लोम यांनी या दुखण्यावर त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. मूळ औषध फिटचं. त्यामुळे दुकानदाराने 'कुणाला फिट येते?' विचारलं तर घाबरू नका. टेग्रीटॉल, मॅझेटॉल, झेप्टोल ही बाजारातली नावं. जीवनावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत असल्याने स्वस्त आहे.

ही दुखेल तेव्हा घ्यायची गोळी नाही, आणि सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. कळ आली की एक गोळी, बरं वाटलं की बंद, असं केल्याने रक्तातलं प्रमाण कधीच टिकत नाही. चक्कर मात्र प्रत्येक वेळी नव्याने येते. मग रुग्ण म्हणतो, 'मला ही गोळी सोसत नाही.' रोज, ठरलेल्या वेळी, दुखो न दुखो घ्यायची.

वाढवण्याची एक नेहमीची पद्धत अशी, प्रत्यक्ष आकडे तुमचे डॉक्टर ठरवतील: पहिले तीन दिवस रात्री १०० मि.ग्रॅ. पुढचे तीन दिवस सकाळी १००, रात्री १००. मग सकाळी १००, रात्री २००. मग दोन्ही वेळा २००. कळा आटोक्यात आल्या की तिथेच थांबायचं. बहुतेकांना दिवसाला ४०० ते ८०० मि.ग्रॅ. पुरतात, १२०० ही साधारण वरची मर्यादा. म्हाताऱ्या माणसांत आणखी सावकाश. घाई केली तर गरगरणं, पेंग, एकाचं दोन दिसणं, दारुड्यासारखी चाल हे सगळं एकदम अंगावर येतं आणि बाथरूममध्ये पडून खुबा मोडतो. डोस वाढवलेल्या दिवसांत स्कूटर चालवू नका, रात्री उठताना दिवा लावा, दारू बंद.

सुरू करण्याआधी रक्ताच्या तीन तपासण्या: हिमोग्राम, लिव्हरची तपासणी, सोडियम. काही आठवड्यांनी पुन्हा. वय जास्त असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर ईसीजीही, कारण हृदयाच्या विद्युतवहनात अडथळा असल्यास हे औषध देत नाहीत. एचएलए-बी १५:०२ ही जनुकीय खूण असलेल्यांना या औषधाने त्वचेची जीवघेणी रिअॅक्शन येण्याचा धोका पुष्कळ वाढतो. ती पूर्व आणि आग्नेय आशियात जास्त, पण भारतातही काही लोकांत आढळते. तपासणी परवडत असेल तर सुरू करण्याआधी करून घ्यावी, असं आमचं मत.

तपासणी केली न केली तरी एक नियम पाळा. पहिल्या दोन-तीन महिन्यांत अंगावर पुरळ, ताप, तोंडात फोड, डोळे लाल, कातडी सोलणं यातलं काहीही दिसलं तर पुढची गोळी घ्यायची नाही आणि त्याच दिवशी रुग्णालयात जायचं. 'उष्णता बाहेर पडतेय' म्हणून सब्जा पीत घरी बसायचं नाही. सतत ताप, घसा दुखणं, अंगावर निळे डाग उठणं हेही तसंच, कारण रक्तपेशी कमी होत असू शकतात.

सोडियमचं प्रकरण वयस्कर रुग्णांत हमखास निघतं. प्रमाण १३५ ते १४५ असावं. कार्बामाझेपिनने ते घसरतं, आणि सोबत लघवी वाढवणारी बीपीची गोळी असेल तर जास्तच घसरतं. बीपीच्या गोळीच्या नावापुढे 'एच' किंवा 'सीटी' असेल तर अनेकदा तिच्यात असं औषध मिसळलेलं असतं. आजोबा अचानक असंबद्ध बोलायला लागले, सुस्त झाले, मळमळतंय, तर वय झालं म्हणून सोडू नका, सोडियम तपासा. १२५ च्या खाली गेलं तर फिटही येऊ शकते.

आता त्या पिशवीतल्या पाकिटांविषयी. हे औषध लिव्हरला इतर औषधं भराभर संपवायला लावतं. गर्भनिरोधक गोळ्या, वॉर्फरिन आणि रक्त पातळ करणारी नवी औषधं, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या, थायरॉइडची गोळी यांचा परिणाम कमी होतो. उलट क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, बीपीचं डिल्टियाझेम, टीबीचं आयसोनियाझिड यांनी कार्बामाझेपिनच रक्तात साचतं. घसा दुखला म्हणून तीन दिवसांचं अँटिबायोटिक घेतलं आणि चालताना तोल जाऊ लागला, यामागे बऱ्याचदा हेच कारण निघतं. दुकानातून ट्रामाडॉल मिसळलेली वेदनाशामकं आणू नका. या कळेवर ती फारशी चालत नाहीत आणि फिटचा धोका वाढतो. गरोदरपणाचा विचार असेल तर औषध सुरू करण्याआधीच सांगा, बाळाच्या मणक्याच्या जन्मजात दोषाचा धोका वाढतो.

तीन-चार आठवड्यांनी एक गंमत होते, रुग्णाला ती गंमत वाटत नाही. लिव्हर हेच औषधही भराभर संपवायला शिकतं. प्रमाण खाली येतं आणि कळा परततात. 'औषध लागू पडेनासं झालं' म्हणून डॉक्टर बदलायची ही वेळ नाही. पुष्कळदा डोस थोडा वाढवला की पुन्हा बसतं.

सीआर किंवा रिटार्ड असं लिहिलेली गोळी हळू विरघळते. तिने चक्कर कमी येते आणि पहाटेपर्यंत असर राहतो. सकाळी दात घासतानाच त्रास होत असेल तर रात्रीचा डोस या प्रकारचा करता येईल का, विचारा. ती चावायची किंवा कुटायची नाही. कंपनी आणि प्रकार सारखे बदलू नका. आणखी एक, जे फारसं कुणी सांगत नाही: कार्बामाझेपिनची साधी गोळी दमट हवेत कडक होते, नीट विरघळत नाही, आणि तिची एक तृतीयांश किंवा जास्त ताकद जाऊ शकते. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात गोळ्या पाकिटातून काढून आठवड्याच्या डब्यात भरून ठेवणं, पाकीट न्हाणीघरातल्या फळीवर ठेवणं, हे टाळा. घेण्याच्या वेळीच गोळी बाहेर काढा, पाकिटं झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा.

ते सोसत नसेल तर

ऑक्सकार्बाझेपिन हा जवळचा पर्याय. सुरुवात १५० मि.ग्रॅ. दोनदा, पुढे दिवसाला ६०० ते १८०० पर्यंत. कार्बामाझेपिनचे २०० म्हणजे याचे सुमारे ३००, या हिशोबाने बदल करतात. इतर औषधांशी भांडण कमी, पण सोडियम अधिक घसरतं. कार्बामाझेपिनने पुरळ आलेल्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याला यानेही येतं, म्हणून तिथे हा पर्याय आपल्या मनाने घ्यायचा नाही.

जोडीला बॅक्लोफेन (५ मि.ग्रॅ. तीनदा, एकदम बंद करू नये), लॅमोट्रिजिन (रोज २५ मि.ग्रॅ.पासून, दर दोन आठवड्यांनी वाढवत; भराभर वाढवलं तर गंभीर पुरळ), गॅबापेंटिन किंवा प्रीगाबालिन देतात. मागे ठणका राहणाऱ्यांना ही शेवटची दोन बरी पडतात. बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं कळेच्या जागी देतात. काहींना काही महिने आराम मिळतो.

कळा एकामागून एक सुरू होऊन पाण्याचा घोटही जाईनासा झाला तर थेट कॅज्युअल्टी. तिथे सलाइन, शिरेतून फॉस्फेनिटॉइन किंवा ईसीजी लावून लिग्नोकेन देता येतं, आणि नसेत भुलीचं इंजेक्शन देऊन काही तासांची उसंत मिळवता येते.

औषध बसेपर्यंतचे दिवस

तोंड धुवायला कोमट पाणी, आणि ओंजळीने मारण्याऐवजी ओला पंचा दाबून टिपायचा, घासायचं नाही. दात त्या बाजूचे सोडून देऊ नका, किडले तर दुखण्यात दुखणं. लहान मुलांचा मऊ ब्रश, कोमट पाणी, आणि गोळीचा असर सर्वांत जास्त असतो ती वेळ निवडा. कळ येऊन गेल्यानंतरच्या त्या शांत मिनिटात पटकन उरकून घेणारे रुग्णही आहेत. दुचाकीवर पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट, आत सुती रुमाल. पंखा आणि एसीचा झोत पाठीकडून. जेवण मऊ: खिमट, पेज, मुगाची खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी, ना गरम ना गार. वजन दर आठवड्याला बघा. खाण्याच्या भीतीने माणूस झपाट्याने उतरतो.

बाम चोळणं, गरम वाळूचा शेक, जोरात मालिश, लवंगेचं तेल हिरडीला लावणं यांचा उपयोग नाही, आणि तो स्पर्शच कळ सुटायला पुरतो.

हे दुखणं माणसाला गप्प करतं, अक्षरशः. बोललं तर कळ, म्हणून तो बोलत नाही; घरचे समजतात रुसला. जगणं नको वाटण्यापर्यंत वेळ येऊ शकते. तसा विचार मनात आला तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा; केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

ऑपरेशन कधी, कोणतं

दोन औषधं पुरेशा डोसमध्ये देऊनही कळा आहेत, किंवा कळा थांबतात पण माणूस दिवसभर झिंगलेला असतो, तर न्यूरोसर्जनला भेटायची वेळ झाली. दहा वर्षं गोळ्या वाढवत बसून मग सत्तरीत ऑपरेशनला जाणं हा आपल्याकडचा रिवाज आहे आणि तो चुकीचा आहे.

मूळ कारणावर जाणारं एकच ऑपरेशन: मायक्रोव्हॅस्क्युलर डीकॉम्प्रेशन, एमव्हीडी. रक्तवाहिनी नसेला चिकटलेली असते हे अमेरिकेतल्या वॉल्टर डँडी यांनी १९३० च्या दशकात पाहिलं होतं. सूक्ष्मदर्शक वापरून त्यावर आधारित ऑपरेशन पीटर जॅनेटा यांनी १९६० च्या दशकापासून रुळवलं. पूर्ण भूल देऊन कानाच्या मागे काही सेंटीमीटर चिरा, हाडाला अडीच-तीन सेंटीमीटरचं छिद्र, रक्तवाहिनी अलगद बाजूला करून मध्ये टेफ्लॉनचा बोळा. नस कापत नाहीत, त्यामुळे चेहरा सहसा बधिर होत नाही. दहा वर्षांनंतरही सुमारे सत्तर टक्के रुग्ण कळेविना असतात. इतका टिकाऊ आराम दुसऱ्या कशाने मिळत नाही. धोके: त्या कानाने कमी ऐकू येणं, मेंदूभोवतीचं पाणी गळणं, संसर्ग, क्वचित पक्षाघात किंवा मृत्यू. सर्जनला विचारण्याचा प्रश्न 'यशाचं प्रमाण किती' हा नाही. 'तुम्ही वर्षाला अशी किती करता' हा आहे.

वय फार किंवा भूल झेपणार नाही, तर गालातून सुई. ओठाच्या कोपऱ्यापासून साधारण अडीच सेंटीमीटर बाहेर टोचून एक्स-रेच्या पडद्यावर पाहत ती कवटीच्या तळाच्या छिद्रातून नसेच्या गाठीपर्यंत (ही गाठ आजाराची नाही, नसेच्या पेशींचा नैसर्गिक पुंजका) नेतात. मग तिथे रेडिओलहरींनी ६० ते ७५ अंशांपर्यंत तापवतात, किंवा ग्लिसरॉल सोडतात, किंवा बारीक फुगा मिनिटभर फुगवून नस दाबतात. आराम बहुधा लगेच, साधारण काही वर्षं टिकतो, पुन्हा करता येतो. किंमत म्हणजे बधिरता. फुग्यानंतर चावण्याचे स्नायू काही काळ लुळे पडतात. पहिल्या फांदीवर करायचं असेल तर डोळ्याची पुढची काच बधिर होण्याचा धोका असतो. मग कचरा गेला तरी कळत नाही आणि जखम होते. क्वचित बधिर भागातच सतत जळजळीत वेदना उरते, आणि ती मूळ कळेपेक्षा वाईट, कारण तिच्यावर फारसं काही चालत नाही.

गॅमा नाइफमध्ये कापाकापी नाही: नसेच्या मुळावर किरणांचा एकच मोठा डोस, साधारण ७० ते ९० ग्रे (किरणांच्या डोसचं माप). असर यायला आठवडे ते महिने लागतात, तोवर गोळ्या चालू. उद्या आराम हवा असेल त्याच्यासाठी हे नाही.

लहान गावांत दाताच्या सर्जनकडून तोंडातूनच नसेची बाहेरची फांदी कापणं किंवा तिथे अल्कोहोलचं इंजेक्शन देणं अजून होतं. आराम मिळतो, पण नस परत वाढते आणि कळाही. ऑपरेशन नाकारलेल्या किंवा शक्य नसलेल्या रुग्णासाठी ते ठीक. पहिला उपाय म्हणून नाही.

मागे सतत ठणका असलेल्यांना सगळ्याच ऑपरेशनांचा फायदा थोडा कमी होतो. आणि दुखणं दिवसभर एकसारखं, खोल, जागा नीट न सांगता येणारं असेल, झटके नसतील, तर तो बहुधा न्यूरॅल्जियाच नाही. त्याला अमिट्रिप्टिलिन कमी डोसमध्ये, समुपदेशन आणि धीर लागतो, सुरी नाही.

नागीण चेहऱ्यावर उठली तर

हेही याच नसेचं दुखणं, पण कारण विषाणू. कपाळावर एका बाजूला जळजळ आणि फोड दिसताच ७२ तासांच्या आत विषाणूरोधक औषध सुरू व्हायला हवं, उदाहरणार्थ असायक्लोव्हिर ८०० मि.ग्रॅ. दिवसातून पाच वेळा, सात दिवस. नाकाच्या शेंड्यावर किंवा बाजूला फोड असेल तर डोळ्यालाही लागण होण्याची शक्यता मोठी. त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर. शेंदूर किंवा गेरूचा लेप देऊन नागिणीची तोंडं मिळू नयेत म्हणून वाट पाहण्यात ते ७२ तास जातात. फोड वाळल्यानंतर तीन महिन्यांनीही जळजळ राहिली तर तिला कार्बामाझेपिन नाही, गॅबापेंटिन, प्रीगाबालिन किंवा अमिट्रिप्टिलिन रात्री १० मि.ग्रॅ.पासून.

कळा थांबल्यावर

महिना-दोन महिने एकही कळ नाही, तर डॉक्टरांना विचारून गोळी कमी करून बघता येते: दर आठवड्याला साधारण १०० मि.ग्रॅ. कमी. एखादी कळ दिसली की मागच्या डोसवर परत. एकदम बंद करायची नाही. शून्यावर आलात तरी शेवटची चिठ्ठी, कितीवर आराम पडला होता तो आकडा आणि एमआरआयच्या फिल्म एकाच पिशवीत ठेवा. कळा काही महिन्यांनी परत आल्या तर घरात उरलेल्या गोळ्या जुन्या पूर्ण डोसने सुरू करू नका. मधल्या काळात लिव्हरची ती सवय मोडलेली असते आणि पूर्वी सोसलेले ८०० आता पहिल्याच दिवशी आडवं पाडतात. सुरुवात पुन्हा रात्रीच्या १०० पासूनच.